फाटकावरचे बिऱ्हाड

प्रवासास निघालेला मनुष्य किल्ले पाहतो, देवळे पाहतो, घाट आणि संगम पाहतो. परंतु ज्या फाटकातून त्याला आत घेतले जाते त्या फाटकाकडे, आणि त्या फाटकाशी दिवसरात्र बांधलेल्या इसमाकडे, त्याची दृष्टी क्वचितच वळते. नागपूरकराला तर फाटकांचे अप्रूप मुळीच नाही. भोसल्यांच्या अमदानीतला जुम्मा दरवाजा गांधी द्वार या नावाने महालात आजही उभा आहे, आणि २०१३ साली जकात उठेपर्यंत शहरात शिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर नाक्याचा बांबू आडवा असे. मी मात्र यंदा उन्हाळ्याच्या तोंडी घराबाहेर पडलो तो वेगळ्याच फाटकांसाठी. ती उमरेड, वणी आणि चंद्रपूरच्या अंगाला कोळशाच्या खाणींच्या तोंडाशी आहेत. कोणत्याही प्रवासपुस्तिकेत त्यांचे चित्र नाही. आणि ती पाहण्याची इच्छा मला टेक्सास प्रांतातील तेलविहिरींमुळे झाली, हे वाचून वाचकास थोडे चमत्कारिक वाटेल, म्हणून ती हकीकत आधी सांगून टाकतो.

दक्षिण टेक्सासात ईगल फोर्ड नावाचा शेल खडकाचा एक लांबच लांब पट्टा आहे. २००८ साली तेथल्या ला साल परगण्यात या खडकातून पहिली यशस्वी विहीर लागली, आणि कटुला, केनेडी, कॅरिझो स्प्रिंग्ज अशा आडगावांच्या आसपास पाहता पाहता ड्रिलिंगचे मनोरे उभे राहिले. त्या मुलखात जमिनीच्या पोटातील खनिजाचा हक्क आणि वरच्या मातीची मालकी या दोन स्वतंत्र जिनसा असल्याने, गुरे चारणारा मालक आपल्या जागी राहतो आणि त्याच्याच कुरणातून तेल कंपनीचे टँकर, वाळूचे ट्रक आणि कामकऱ्यांच्या गाड्या अहोरात्र ये-जा करतात. फाटक उघडे राहिले तर गुरे हमरस्त्यावर जातात, आणि येईल त्याला येऊ दिले तर डिझेल आणि पाइप नाहीसे होतात. सबब प्रत्येक फाटकावर माणूस हवा, तोही चोवीस तास, आणि राहायला खोली तर कोसकोस मिळत नाही. ही अडचण ज्यांनी सोडवली ते शिपाईगडी नव्हते. नोकरीतून निवृत्त होऊन, घर विकून किंवा भाड्याने देऊन, स्वयंपाकघर आणि शेज यांसह चाकांवरचे घर विकत घेतलेली आणि उरलेले आयुष्य देशभर हिंडण्यात घालवू पाहणारी अशी ती नवराबायकोची जोडपी होती. ती आपले घर फाटकाशी आणून उभे करतात. कंपनीकडून त्यांना जनित्र, पाण्याची टाकी, मैल्याची टाकी आणि रात्रीच्या प्रकाशासाठी दिव्यांचा मनोरा मिळतो. रस्त्यावर एक रबरी नळी आडवी टाकलेली असते. तिच्यावरून चाक गेले की घरात घंटा वाजते, आणि ज्याची पाळी असेल तो वही घेऊन दाराबाहेर येतो. बारा तास त्याचे, बारा तास तिचे. गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, कंपनी, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, इतकाच त्या कामाचा मजकूर. मोबदला दिवसाला साधारणतः सव्वाशे ते पावणेदोनशे डॉलर, आणि तोही बहुधा माणशी नसून फाटकामागे, म्हणजे दोघांत मिळून.

या व्यवस्थेत चोवीस तासांचा हिशेब मांडला तर तासाचा दर किती पडतो, हा प्रश्न अमेरिकेच्या श्रमखात्यास पडल्यावाचून राहिला नाही. कॉर्पस क्रिस्टी येथील अशा पहाऱ्याचा ठेका घेणाऱ्या एका कंपनीकडे श्रमखात्याने साठ लाख डॉलरांहून अधिक थकीत वेतनाची मागणी केली; फाटकावरची माणसे ही कंपनीची नोकर की स्वतंत्र ठेकेदार, यावर खटला चालला; २०१३ साली न्यायालयाने ती ठेकेदारच आहेत असा निवाडा दिला, आणि २०१५ साली अपील न्यायालयाने उलट श्रमखात्याच्याच वर्तणुकीवर ताशेरे ओढून कंपनीचा कोर्टखर्च त्याच्या माथी मारला. कायद्याच्या दृष्टीने निवाडा बरोबर असेल. पण घंटा वाजली की उठणे ज्याला चुकत नाही त्याला स्वतंत्र म्हणावयास माझी जीभ जड होते. पुढे तेलाचा भाव २०१४ च्या मध्यास पिंपाला शंभर डॉलरांवर होता तो २०१६ च्या आरंभी तिसाखाली आला, मनोरे उतरले, आणि फाटकावरची घरे आपली चाके घेऊन दुसरीकडे निघून गेली. जाताना त्यांना कोणाचा निरोप घ्यावा लागला नाही, की घरभाड्याची बाकी चुकवावी लागली नाही. आपल्याकडे अशी फाटके कोठे असतील आणि त्यांवरचे बिऱ्हाड कोणाचे असेल, हे पाहावे असे तेव्हापासून माझ्या मनात होते.

नागपूरच्या भूमीत तेल नाही. तेल येथे येते ते खापरी-बोरखेडीकडच्या डेपोंत, बाहेरून. निसर्गाने या भागाला दिला तो कोळसा. शहरालगतच्या कामठीच्या नावावरून भूगर्भशास्त्रज्ञांनी एका संबंध खडकसमूहास ‘कामठी’ हे नाव दिलेले आहे, आणि इथल्या दगडांचा अभ्यास प्रथम नेटाने करणारा रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी १८६३ साली वर्धा रस्त्याच्या अंगाला, टाकळघाटजवळ पूर आलेला ओढा ओलांडताना बुडून मेला. त्याच्या नावाच्या महाविद्यालयात शिकलेल्या कित्येकांना ही गोष्ट ठाऊक नसते. वरोऱ्याची सरकारी खाण इंग्रजांनी चालवली आणि ती १९०६ साली बंद पडली. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्ग मुळात तिच्याच कोळशासाठी टाकलेला. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन होऊन तिचे मुख्यालय नागपुरास आले, आणि आमच्याकडची वर्तमानपत्रे तेव्हापासून तिला ‘वेकोलि’ म्हणतात. उमरेड, सावनेर, कन्हानकाठचे गोंडेगाव, वर्धेच्या खोऱ्यातील वणी, माजरी, बल्लारपूर, चंद्रपूर, असा तिचा पसारा आहे, आणि प्रत्येक खाणीला निदान एक फाटक आहे.

उमरेडचा रस्ता नागपुराहून आग्नेयेस जातो. या रस्त्याने सकाळी निघालेल्या गाड्यांत दोन जातींचे लोक असतात: कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात वाघ पाहावयास निघालेले, आणि कोळसा भरावयास निघालेले. पहिल्यांची गाडी वनखात्याच्या फाटकावर थांबते, तेथे परवाना तपासला जातो, वाटाड्या सोबत दिला जातो आणि मंडळी हसतखेळत आत जातात. दुसऱ्यांची गाडी थांबते ती तासन्तास. खाणीच्या जवळ येताच रस्त्याचा रंग बदलतो, कडेच्या पळसांच्या पानांवर काळी भुकटी बसलेली दिसते, आणि शेताच्या सपाटीतून अचानक मातीचे डोंगर वर आलेले दिसतात. हे डोंगर देवाने केलेले नाहीत. कोळशावरची माती उपसून ती रचलेली आहे. येथली उघडी खाण साठीच्या दशकात सुरू झाली, आणि ज्यांनी तो डोंगर नसताना तेथे तूर पेरली ती माणसे अजून हयात आहेत.

ज्या फाटकावर मी बराच वेळ काढला त्याचे नाव सांगत नाही. लोखंडी आडकाठी, पत्र्याची एक चौकी, तिच्या बाजूला वजनकाटा, आणि चौकीत टेबलावर दोरीने बांधलेले पेन आणि रुंद पानांची एक वही, हा त्याचा सरंजाम. चौकीतील गृहस्थ लष्करातून नाईक म्हणून निवृत्त झालेला, भिवापूरकडच्या एका खेड्यातला. फौजेत शिपायाची नोकरी चाळिशीच्या आसपास संपते, तेव्हा मुलांची शिक्षणे अर्धी असतात आणि शेती भावांत वाटलेली असते. त्यामुळे माजी सैनिकांच्या पहारा-संस्थांतून खाणीच्या फाटकावर येणारे असे पुष्कळ. अलीकडे काही ठिकाणी राज्य सुरक्षा महामंडळाचे जवानही तैनात असतात. ट्रकवाले या सर्वांना सरसकट ‘फौजी’ म्हणतात, आणि त्या हाकेत धाक, सलगी आणि किंचित टिंगल ही तिन्ही ऐकू येतात.

माझे नाव, गाव, काम आणि वेळ वहीत लिहून झाल्यावर फौजीने मला खुर्ची दिली आणि आपण उभाच राहिला. ट्रक येई तेव्हा तो क्रमांक वाचून लिही, चालकाचा परवाना पाही, डिलिव्हरी ऑर्डरचा कागद ताडून पाही, मग आडकाठी वर जाई. रिकाम्या गाडीचे वजन काट्यावर होई, गाडी खाली खाणीत जाऊन भरून येई, पुन्हा काटा, पुन्हा कागद, वर ताडपत्री बांधलेली आहे की नाही हे पाहणे, आणि मग रवानगी. वजन संगणकावर उमटते, गाडीची खूण यंत्र आपोआप वाचते, वर कॅमेरा आहे. तरीही हाताने लिहिलेली वही सुटत नाही. यंत्रे इतकी असताना वही कशाला, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मशीनले जे दाखोलं तेच ते पाह्यते. मानसाले जे दाखोलं नाही तेबी दिसते.” आणि थोड्या वेळाने, माझ्यासारख्या शिकलेल्या माणसांचा त्याला आलेला अनुभव सांगताना, “मोठे साहेब लोक रागावतेत. म्हनतेत, माही गाडी रोजची हाय, रोज रोज कायले लिहितं? मी म्हनतो, रोजची हाय म्हनूनच लिहा लागते. रोजचीच गाडी एखाद्या दिवशी भलतंच घेऊन निंगते.”

कोळशाची चोरी हा या मुलखातला जुना धंदा आहे, आणि तो रात्री पोत्यांनी होतो त्याहून दिवसा कागदांनी अधिक होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या वहीचे मोल समजेल. कोर्टात प्रकरण उभे राहिले की सर्वांत आधी मागवली जाते ती फाटकावरची नोंदवही. आणि महिन्याकाठी किती पगार घेणाऱ्याने ती लिहिली, हे तेथे कोणी विचारत नाही. खासगी पहारा-संस्थांसंबंधीच्या २००५ च्या कायद्याखालील नियमांनी पहारेकऱ्यास शंभर तास वर्गातले आणि साठ तास प्रत्यक्ष जागेवरचे शिक्षण सक्तीचे केले आहे, माजी सैनिकांस त्यातून बरीच सूट दिली आहे; पण न लिहिलेले काय ते ओळखण्याचे शिक्षण कोणत्या वर्गात मिळते, हे मला माहीत नाही.

दुपारी भोंगा वाजला. खाणीत सुरुंग उडवण्याची वेळ झाली म्हणजे चहूकडच्या वाटा लाल निशाणे घेऊन माणसे अडवून धरतात. फौजीने आडकाठी पाडली, मला चौकीच्या आत घेतले, आणि पायाखालची जमीन एकदा हलून पत्रा थरथरला. धूळ बसेपर्यंत कोणी बोलले नाही. मग पुन्हा आडकाठी वर गेली.

फाटकाबाहेर ट्रकांची जी रांग लागलेली असते तिच्या बाजूने चालत गेलो, तेव्हा टेक्सासचे चित्र माझ्यासमोर उलटे होऊन उभे राहिले. तेथे पहारेकऱ्याचे घर चाकांवर. येथे चाकांवरचे घर आहे ते ज्याला अडवायचे त्याचे. ट्रकच्या केबिनमध्ये मागच्या बाजूस आडवे होण्यापुरती फळी, तिच्यावर गोधडी, आरशापाशी देवाची तसबीर, दाराला टांगलेला पाण्याचा डबा, आणि सावलीच्या बाजूस चाकाला टेकून पेटवलेला स्टोव्ह. क्लीनर कांदा चिरीत बसलेला, चालक बनियनवर दाढी करीत असलेला. काही चालक महिना-महिना गावी जात नाहीत. एकाने मला आग्रहाने चहा दिला, वर “पन्नास गाड्या मोरं हायेत, आता जेवूनच नंबर लागते” असे सांगितले, आणि हे सांगताना त्याच्या मुद्रेवर त्रासाचा लवलेश नव्हता. बिऱ्हाड त्याच्यासोबत होते. चौकीतला फौजी मात्र आपले बिऱ्हाड तीस-चाळीस किलोमीटर मागे टाकून आला होता. त्याच्या पिशवीत डबा, सतरंजी आणि रात्रपाळीचे स्वेटर एवढेच.

दोन्ही देशांतला हा फरक मला सवयीचा वाटत नाही. तो जमिनीच्या कायद्यातून आलेला आहे. टेक्सासात कुरणाचा मालक जागेवर राहतो, त्याच्या गुरांसाठी फाटक लागते, काम संपले की फाटकावरचे घर उठते आणि कुरण कुरण राहते. आपल्याकडे १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन कायद्याने जमीन जाते ती समूळ. शेतकऱ्यास मोबदला मिळतो, दोन एकरांमागे एक नोकरी असा कोल इंडियाचा पुनर्वसनाचा दर आहे, आणि मग ज्याचे शेत होते तोच वा त्याचा मुलगा ओळखपत्र गळ्यात अडकवून त्या शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या फाटकातून हजेरी लावून आत जातो. येथे फाटक कोणाच्या गुरांचे रक्षण करीत नाही. ते आतल्याला बाहेरच्यापासून राखते, आणि बाहेरचे म्हणजे बहुधा कालचे आतलेच असतात.

उमरेडहून परतून पुढे मी वर्धा रस्त्याने दक्षिणेस गेलो. बुटीबोरी, जाम, मग वरोरा. वरोऱ्याला आनंदवनाच्या वाटेने गेल्यावाचून माझ्यासारख्यास पुढे जाववत नाही, पण त्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. वरोऱ्याहून वणीकडे वळले की रस्ता कोळशाच्या स्वाधीन होतो. वणीच्या लालपुलिया भागात कोळशाचे खासगी डेपो एकास एक लागून आहेत. उकणी, निलजई, मुंगोली या खाणींकडे जाणाऱ्या वाटांवर टिप्परांची रीघ असते. आणि निर्गुडेच्या काठचे हे जुने बाजाराचे गाव, जेथे एके काळी कापसाच्या बैलगाड्या उतरत, तेथे आज लोक संध्याकाळी दारे लावून घेतात ती चोरांच्या भयाने नव्हे, धुळीच्या. वणीत मी मुक्काम केला नाही.

वाटेत पिकानंतर मोकळ्या पडलेल्या एका शेतात मला जे दिसले ते मात्र या प्रवासाचे सार म्हणावे असे होते. तेथे भूगर्भ-संशोधनाची छावणी पडली होती. नागपुरात सेमिनरी हिल्सवर ज्या खनिज-संशोधन महामंडळाचे मुख्यालय आहे, ते १९७२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून वेगळे काढले गेले. या संस्थेच्या, आणि कोळसा कंपन्यांचे नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआयच्या नागपूर शाखेच्या यंत्रांनी गेल्या अर्धशतकात विदर्भाच्या भूमीस किती छिद्रे पाडली असतील ती त्यांच्याच दप्तरात मोजलेली असणार. गावकरी सर्वांनाच ‘बोअरवाले’ म्हणतात. ट्रकवर बसवलेले यंत्र, चिखलाचे डबके, चार-दोन तंबू, एका तंबूत स्वयंपाकी, आणि सर्वांत जपून ठेवलेल्या जागी लांबट पेट्यांत ओळीने मांडलेल्या दगडाच्या कांड्या. जमिनीच्या पोटातून क्रमाने वर काढलेल्या या कांड्यांवर खोली लिहिलेली असते, आणि त्यांची एक कांडी इकडची तिकडे झाली तर महिन्यांचे काम फुकट जाते. म्हणून चौकीदार लागतो. त्याची राहुटी पेट्यांच्या शेजारीच. छिद्र पुरे झाले की तंबू उतरतात, यंत्र पुढच्या शेतात जाते, आणि चौकीदाराची खाट, कंदील व पाण्याचा माठ त्याच गाडीत बसून जातात. टेक्सासच्या त्या जोडप्यांचा खरा भाऊबंद कोणी असेल तर तो हा. फरक इतकाच की त्याला सोबत बायको आणण्याची मुभा नाही, घंटेची नळी नाही, आणि हिंडण्याची हौस त्याने निवृत्तीनंतर स्वखुशीने पत्करलेली नाही.

चंद्रपुरात रात्रीच्या पहाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणींभोवतीच्या मातीच्या जुन्या डोंगरांवर वेडी बाभूळ माजली आहे, ताडोब्याचे जंगल लगत आहे, आणि वाघास ती झाडी जंगलाइतकीच पसंत पडली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात कामावरून घरी निघालेल्या एका कामगारास वाघाने मारले; तेव्हापासून त्या बाजूच्या चौक्यांत अंधार पडला की कोणी एकटा आडबाजूस जात नाही. टेक्सासच्या पहारेकऱ्यांना विषारी वायू हुंगणारे छोटे यंत्र अंगावर बाळगावे लागते आणि दाराशी सळसळणाऱ्या सापाकडे लक्ष ठेवावे लागते. आमच्याकडे काठी, शिटी आणि टॉर्च. उन्हाळा दोन्हीकडे कडक, पण नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांचा जो पारा पाहिला तो पत्र्याच्या चौकीत कसा लागत असेल, हे मी मार्चमध्येच थोडेसे अनुभवले: दुपारी दोनच्या सुमारास ती चौकी अक्षरशः भाकरी भाजावयाच्या तव्यासारखी झाली होती.

खाण पाहण्याची ज्यांना उत्सुकता आहे त्यांच्यासाठी वेकोलि आणि राज्याचे पर्यटन महामंडळ यांनी २०१६ साली सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची उघडी खाण दाखवण्याची व्यवस्था सुरू केली. देशात अशी ही पहिलीच. जाण्यापूर्वी ती चालू आहे की नाही याची चौकशी करावी, पायांत बंद बूट घालावेत, आणि फाटकावर वही पुढे येईल तेव्हा नाव पूर्ण व वाचता येईल असे लिहावे. फौजीला ते तुमच्यादेखत पुन्हा गिरवावे लागू नये.

ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना सांगावयाचे ते वेगळे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्याच्या १९ व्या कलमात पिण्याच्या पाण्याची आणि २० व्या कलमात शौचकूपांची तरतूद होती, आणि तीत आत खोदणारा व फाटकावर उभा राहणारा असा भेद नव्हता. मी पाहिलेल्या चौक्यांपैकी एकीत माठ पहारेकऱ्याने घरून आणलेला होता आणि शौचासाठी त्याला झुडपांत जावे लागत होते. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी काट्याच्या आधी त्या चौकीत डोकावावे, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी तिच्यावर पत्र्याऐवजी कौले घालावीत.